मारुती ८०० च्या इंजिनाला बुलेटचे तीन कार्बोरेटर, आणि दर तीन आठवड्यांनी बिघडणारं स्लो

आधी लक्षण सांगतो म्हणजे ज्याला हेच होतंय त्याला लगेच कळेल. सकाळी गाडी एका सेल्फात चालू होते, चोक सोडला की स्लो, म्हणजे पाय न देता इंजिनाचा वेग, एकदम मस्त, ९०० आरपीएमवर (मिनिटाला ९०० फेरे) बसलेलं, मग पंधरा-वीस मिनिटं फिरवली की स्लो आपोआप चढायला लागतं, १५०० पर्यंत जातं, परत पडतं, परत चढतं, आणि क्लच दाबून उभं राहिलं की गाडी बंद. प्लग काढून बघितले तर १ आणि ३ नंबरचे पांढरे फटक आणि मधला २ नंबरचा काजळीनं काळा. ट्यूनिंग केलं की दोन-तीन आठवडे बरं चालतंय आणि परत तेच. माझ्याकडं हे चार महिने चाललं, आणि चारही महिने मी जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) बदलत बसलो होतो. जेटचा ह्यात काही संबंधच नव्हता भावांनो, म्हणून हे एवढं सविस्तर लिहितोय.

गाडी कुठली ते सांगतो. जुनी कार्बोरेटरवाली मारुती ८००, एफ८बी इंजिन, ७९६ सीसी, तीन सिलिंडर. गगनबावड्याच्या बाजूला दाजींचं शेत आहे, तिथल्या चढा-उतारावर आणि चिखलात पळवायला ती ठेवलीय, रस्त्यावर येत नाही. हे मुद्दाम सांगतोय कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत असा बदल चालत नाही आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलंय, त्यामुळं रोज ऑफिसला न्यायच्या गाडीवर हा प्रयोग करू नका.

कार्ब (कार्बोरेटर, हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) घेतले यूसीई इंजिनवाल्या (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात असलेल्या) ३५० बुलेटचे, २९ एमएमचे सीव्ही (हवेच्या दाबानं पिस्टन उचलणारे), तीन वेगवेगळ्या गाड्यांवरचे पण एकाच मॉडेलचे. लोक म्हणतात कार आहे म्हणजे मोठा कार्ब पाहिजे, ३६ नाहीतर ४० एमएम. जरा हिशोब करून बघा. ८०० चा एक सिलिंडर २६५ सीसीचा, ६००० आरपीएमला मिनिटाला ३००० वेळा हवा ओढणार, म्हणजे साधारण ७९५ लिटर. बुलेटचा एकच सिलिंडर ३४६ सीसीचा, ५२५० ला तो ९०० लिटरच्या पुढं ओढतो. म्हणजे त्या कार्बला ८०० चा सिलिंडर हलकाच जातोय, २९ भरपूर झालं. मोठा कार्ब घातला तर खालच्या रेसला हवेचा वेग पडतो आणि पेट्रोल नीट उचललंच जात नाही. आणि आरएक्स १०० चे कार्ब स्वस्तात मिळतात म्हणून आणू नका, टू स्ट्रोकच्या कार्बमधला निडल जेट वेगळ्या पद्धतीचा असतोय, फोर स्ट्रोकला लागणारी हवेची भोकं त्याला नसतात, मधल्या थ्रॉटलला तो कधीच जुळत नाही.

आता मूळ भानगड. मला कळायला चार महिने लागले ती गोष्ट अशी की पांढरे प्लग आणि काळा प्लग हे दोन वेगळे आजार नव्हते. १ आणि ३ बाहेरून हवा घेत होते, त्यामुळं पांढरे. इंजिन अडखळतंय म्हणून मी तिन्ही कार्बचे जेट मोठे केले आणि मिश्रणाचे स्क्रू बाहेर फिरवले, मग जो सिलिंडर बिचारा धडधाकट होता त्याला जादा पेट्रोल गेलं आणि तो काळा पडला. काळा प्लग बघून परत जेट बारीक केले की १ आणि ३ अजून पांढरे. हे चक्र असं फिरत राहतं. तुमच्याकडं दोन टोकाचे पांढरे आणि मधला काळा असं चित्र असेल तर जेटच्या डबीला हात लावू नका, आधी हवा शोधा.

हवा कुठून येत होती? पहिली जागा रबर. मॅनिफोल्डच्या, म्हणजे कार्बपासून इंजिनात मिश्रण नेणाऱ्या, पाईपला कार्ब जोडायला मी रेडिएटरच्या होसचे तुकडे कापून वापरले होते, मापात बसतात, जाड असतात, कुठंही मिळतात, सगळेच वापरतात. पण ते रबर गरम पाण्यासाठी असतंय, पेट्रोलसाठी नाही. पेट्रोल लागलं की ते फुगतं, मऊ पडतं, आणि क्लिप कितीही आवळली तरी आतून सरकतं. नवीन तुकडा घातला की तीन आठवडे बरं आणि परत ढिलं, माझ्या तीन आठवड्यांच्या हिशोबातलं निम्मं उत्तर इथंच होतं. त्याऐवजी बुलेटचाच कार्बचा रबर जॉइंट घ्या, तीन नग, नवीन, आणि मॅनिफोल्डकडचं टोक त्याच्या मापानं लेथवर काढून घ्या, बाहेरच्या कडेला बारीक उंचवटा ठेवायला सांगा म्हणजे रबर सरकत नाही.

दुसरी जागा फ्लॅंज, म्हणजे मॅनिफोल्ड इंजिनाला बोल्टनं बसतो ती पट्टी. १२ एमएमची ॲल्युमिनियम पट्टी, तिला तीन पाईप टिग वेल्डिंगनं जोडलेले. वेल्डिंगच्या उष्णतेनं पट्टी केळ्यासारखी वाकते, डोळ्याला दिसत नाही, पण दोन्ही टोकं उचललेली असतात. आणि टोकाला कोण आहे, तर १ आणि ३! मी वर जाड पॅकिंग आणि सिलिकॉन लावून दाबायचा प्रयत्न केला, तोही तेवढ्यापुरताच टिकला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एक टर्नर मामा आहेत, सगळं आयुष्य ऑइल इंजिनच्या कामात गेलंय, त्यांच्याकडं पट्टी नेली तर त्यांनी जाड काचेवर तेलात कालवलेला शेंदूर पातळ पुसला, पट्टी त्यावर घासली आणि उलटी करून माझ्यासमोर धरली, मध्ये लाल आणि दोन्ही टोकं कोरी. म्हणाले, "बाळा, वेल्डिंग आधी, फेसिंग नंतर. उलटं केलंस तर आयुष्यभर पॅकिंग कापत बसशील." फेसिंग केलं, म्हणजे पट्टी मशीनवर सपाट करून घेतली, साधं पातळ पॅकिंग घातलं, सिलिकॉन अजिबात नाही, आजतागायत तिथून थेंबभर हवा नाही. कोल्हापुरात राहून फाउंड्री आणि लेथची अशी माणसं हाकेच्या अंतरावर असताना आपण इंटरनेटवर उत्तर शोधत बसतो ह्याचं मला खरंच वाईट वाटलं. शेंदरात शिसं असतं बरं का, हात धुवून घ्या.

तिसरी जागा सगळ्यात महत्त्वाची, आणि ही कुणीच सांगत नाही. तीन कार्ब, त्यांची पट्टी, लिंकेज (तिन्ही कार्ब एकत्र उघडणारे दांडे), फिल्टर हे सगळं मिळून चांगलं वजन होतं आणि ते तीन रबरांवर लोंबकळतंय, म्हणून मी त्याला खालून आधाराची पट्टी दिली होती. पण ती बांधली होती बॉडीला, फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीला). तीन सिलिंडरचं इंजिन स्लोला कसं हलतं ते बॉनेट उघडून बघा, पुढचं टोक वर तर मागचं खाली असं झुलतं, दोन्ही टोकं हलतात आणि मधला त्या मानानं गप्प. वर ॲक्सिलरेटर दाबला की सगळं इंजिन माउंटिंगवर मागं-पुढं डुलतं. म्हणजे इंजिन हलतंय, बॉडी स्थिर आहे, आणि मध्ये रबर ओढलं जातंय. रोज. टोकाची दोन रबरं क्लिपमधून हळूहळू बाहेर येणारच की. आधाराची पट्टी इंजिनलाच बांधा, मॅनिफोल्डच्या किंवा ब्लॉकच्या बोल्टाला, बॉडीला काहीही जोडायचं नाही, ॲक्सिलरेटरची वायरसुद्धा थोडी ढिली वळणदार ठेवायची. हा एक बदल केल्यावर तीन आठवड्यांचा आजार गेला.

हवा घेतंय का ते तपासायची माझी पद्धत साधी आहे. स्लोवर चालू इंजिन, कार्ब हातानं धरून हळू वर, खाली, डावीकडं दाबा. रेस बदलली तर तिथंच लिकेज. काही जण गरम इंजिनवर क्लीनरचा स्प्रे मारतात, खाली सायलेन्सरचा मॅनिफोल्ड कडक तापलेला असतोय, नका करू असलं. साध्या पाण्याचा फवारा मारला तरी स्लो क्षणभर बदलतं आणि शूं आवाज पाण्यानं बंद होतो, तेवढं पुरेसं आहे. आणि थंड इंजिनवर तपासून "लिकेज नाही" असं म्हणू नका, रबर गरम होऊन मऊ झाल्यावर जे उघडतंय ते थंडपणी बंदच असतंय.

हवा बंद झाली तरी माझी गाडी पूर्ण बरी झाली नव्हती, पेट्रोलचा वास येत होता आणि गरम असताना बंद केली की परत चालू करताना दहा सेकंद सेल्फ मारावा लागायचा. इथं पेट्रोलचा दाब बघावा लागतो. बुलेटच्या टाकीतून कार्बला पेट्रोल नुसतं वरून खाली येतं, टाकी कार्बच्या फूटभर वर धरली तर तो दाब जेमतेम ०.३ पीएसआय (दाबाचं एकक). कारचा इंजिनवरचा मेकॅनिकल पंप साधारण ३ ते ५ पीएसआयनं ढकलतो, म्हणजे दहापट. फ्लोटची (कार्बमध्ये पेट्रोलची पातळी ठरवणाऱ्या तरंग्याची) ती एवढीशी सुई दहापट दाबापुढं काय टिकणार, ती थोडी उचलली जाते, फ्लोटमधली पातळी चढते आणि सगळं मिश्रण गडद होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल जास्त. एखाद्या कार्बच्या सुईचं रबर झिजलेलं असेल तर तोच ओव्हर होतो, म्हणजे पेट्रोलनं तुडुंब भरतो, बाकीचे दोन बरे राहतात, आणि आपण म्हणतो ह्या सिलिंडरचा जेट बदलूया.

ह्यावर मी रिटर्न लाईन (जादा पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी) मोकळी ठेवली आणि रेग्युलेटर बसवून दाब १ पीएसआयच्या आसपास आणला. पहिल्यांदा जो स्वस्त डायलवाला रेग्युलेटर घेतला तो चालू गाडीत काटा नीट दाखवायचा पण गाडी बंद केली की दाब सावकाश वर चढत जायचा, म्हणून गेज रेग्युलेटरच्या पुढं, कार्बच्या बाजूला लावा आणि बंद केल्यावर पाच मिनिटं थांबून परत वाचा. दाब कमी केल्यावर पेट्रोल कमी पडेल का ही भीती सगळ्यांना असते. ह्या इंजिनाला पूर्ण जोरात तासाला बारा लिटर लागलं असं धरलं तरी मिनिटाला २०० मिली झालं, एका कार्बला ७० सुद्धा नाही. प्रत्येक कार्बचा पाईप काढून मिनिटभर बाटलीत सोडून मोजा, थंड इंजिनवर, मोकळ्या जागेत, आगपेटी आणि बिडी लांब ठेवून, आणि शेजारी आग विझवायचा सिलिंडर ठेवून. हे हौशीचं काम असलं तरी पेट्रोल हौस बघत नाही.

फ्लोटची पातळी नुसती पट्टीनं मोजून समाधान मानू नका. फ्लोटच्या वाटीच्या ड्रेनला पारदर्शक नळी लावायची, ती कार्बच्या बाजूनं वर उभी धरायची, ड्रेनचा स्क्रू सोडायचा, नळीत जी पातळी दिसते ती आतली खरी पातळी. तिन्ही नळ्या शेजारी शेजारी चिकटवून बघा. माझ्या तिघांत ४ एमएमचा फरक होता, आणि हे तिन्ही "एकाच मॉडेलचे" होते. अजून एक, बाईक वळणावर आडवी होते त्यामुळं फ्लोटला वळण जाणवतच नाही, पेट्रोल वाटीत सरळच राहतं. कार आडवी होत नाही, तिच्यात पेट्रोल बाजूला फेकलं जातं. शेतात जोरात वळवल्यावर भक् करून बंद पडते ती ह्यामुळं, त्याला पातळी एक-दीड एमएम खाली घेणं हाच त्यातल्या त्यात उपाय, पूर्ण जात नाही.

मग राहिला व्हॅक्युम, म्हणजे इंजिनाची हवेची ओढ. ८०० च्या डिस्ट्रिब्युटरला (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागाला) व्हॅक्युम ॲडव्हान्स (ओढीनुसार ठिणगीची वेळ बदलणारी सोय) असतोय. मूळ कार्ब एकच असतो, तिन्ही सिलिंडरची ओढ एकत्र येऊन नळीत बऱ्यापैकी स्थिर व्हॅक्युम मिळतो. आपण तीन वेगळे कार्ब घातले आणि ती नळी एकाच सिलिंडरच्या पाईपला जोडली तर तिथं ओढ एकदम येते आणि एकदम जाते, डिस्ट्रिब्युटरमधली प्लेट फडफडते, टायमिंग पुढं-मागं होतं आणि स्लो हलतं. टायमिंग लाईट लावून बघितलं तेव्हा खूण चक्क नाचत होती. तिन्ही पाईपना बारीक नळ्या काढून एका छोट्या बंद डब्यात आणा, आणि त्या डब्यातून डिस्ट्रिब्युटरला द्या. ज्या गाडीत ब्रेक बूस्टर आहे त्यांनी बूस्टरची नळी पण तिथूनच घ्या, मध्ये एकाच दिशेनं उघडणारा व्हॉल्व्ह ठेवून, ह्यात हयगय नको, ब्रेकचा प्रश्न आहे.

तिन्ही कार्ब सिंक करायला, म्हणजे सारखे उघडतील असं करायला, गेज घ्यायची गरज नाही. दोन बाटल्या, झाकणाला प्रत्येकी दोन भोकं, निम्म्यापर्यंत टू टी ऑइल, दोन्हींना तळापर्यंत जाणाऱ्या एका पारदर्शक नळीनं जोडायचं आणि दुसऱ्या भोकातली नळी एकेका सिलिंडरच्या व्हॅक्युमला, भोकं हवाबंद करून. त्यावेळी डब्याकडं जाणाऱ्या तिन्ही नळ्या चिमटीनं बंद करा, नाहीतर फरक दिसणारच नाही. ज्याची ओढ जास्त त्या बाटलीत ऑइल चढतं. आधी १ ला २ शी जुळवा, मग ३ ला २ शी, मधला पाया धरायचा. सुरुवातीला कार्ब लईच वेगळे असतील तर ऑइल भराभर सरकतं, म्हणून आधी टेबलावरच एकच बारीक तार तिन्ही बटरफ्लायखाली (कार्बमधल्या गोल झडपांखाली) अडकवून सारखं करून घ्या. स्लोचा स्क्रू फक्त मधल्या कार्बचा वापरायचा, बाकी दोघांचे पूर्ण मागं घ्यायचे, ते लिंकवर चालले पाहिजेत. स्लोला जुळल्यावर २५०० वर पण बघा, तिथं फरक आला तर लिंकमध्ये कुठंतरी खेळ आहे. मी तीन वेगळ्या वायरी वापरल्या होत्या, त्या वेगवेगळ्या ताणल्या जातात, आता एक रॉड आणि बॉल जॉइंट आहेत, महिनोन्महिने हलत नाही.

फिल्टर लावताना कार्बच्या तोंडातली बारीक भोकं बघा. सीव्ही कार्बचा पिस्टन हवेच्या दाबाच्या फरकानं उचलला जातो, त्यातली एक वाट तोंडाच्या कडेला उघडते. फिल्टरची पट्टी किंवा पॅकिंग त्यावर बसलं की पिस्टन उठतच नाही, गाडी ३००० च्या पुढं जात नाही आणि आपण परत जेट शोधत बसतो. डायफ्रामला (पिस्टन उचलणाऱ्या रबरी पडद्याला) सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी तसंच, पिस्टन बोटानं वर उचलून ती वाट बोटानं बंद धरा, सोडल्यावर तो सावकाश खाली आला पाहिजे, धपकन पडला तर डायफ्राम बदला.

पावसाळ्यात एक वेगळाच प्रकार होतो, तो वरच्या आजारात मिसळू नका. गगनबावड्याकडं जुलैत धुकं आणि ओल असते, मूळ मॅनिफोल्डला इंजिनाचं गरम पाणी फिरत असतं आणि आपण बनवलेल्या मॅनिफोल्डला नसतं, त्यामुळं कार्बच्या आत बटरफ्लायपाशी बर्फ धरतो. हो, आपल्याकडं, वीस-बावीस अंशात. गाडी चालता चालता मरगळते, बंद करून पाच-दहा मिनिटं थांबलं की आपोआप बरी होते. आपोआप बरी होते हीच ओळख. फिल्टरला सायलेन्सरच्या बाजूची कोमट हवा दिली की जातं.

एक मित्र छातीठोक सांगत होता की चढावर काळा धूर येतो तो उंचीमुळं, पन्हाळ्यावर सगळ्यांचं तसंच होतं. पन्हाळा कोल्हापूरपेक्षा साधारण ४०० मीटर उंच, हवा चारेक टक्के पातळ, मिश्रण त्यानं दोनेक टक्के गडद होईल. एवढ्यानं काळा धूर येत नाही. चढावर कार्ब तिरका होतो आणि फ्लोटची पातळी आधीच वर असते, ते कारण आहे.

हे सगळं झाल्यावर जेट. इथं एक खरी गोष्ट आहे, आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. शुद्ध पेट्रोलला एका किलोमागं १४.७ किलो हवा लागते, ई२० ला साधारण १३.५, म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जादा पेट्रोल पाहिजे. भोकाचा व्यास मात्र चारेक टक्केच वाढवायचा, ११० असेल तर ११४-११५, एकदम १३० नव्हे. हे नंबर भोकाच्या मापाचे असतील तरच, काही जेटवर नंबर प्रवाहाचा असतोय, दोन कंपन्यांचे नंबर एकमेकांशी जुळवू नका. तिन्हीत एकच जेट, एका वेळी एक पायरी, आणि प्लग बघायचा तो जोरात ओढून तिथंच इंजिन बंद करून, स्लोवर घरी आणून नाही. जुन्या कार्बच्या ओ रिंगा इथेनॉलनं फुगतात, त्या सरळ तिन्हीच्या बदलून टाका.

सध्या माझ्या गाडीचे तिन्ही प्लग बिस्किटाच्या रंगाचे आहेत, स्लो गरम असताना ९५० वर, सहा महिने झाले स्क्रूड्रायव्हर लावलेला नाही. दर महिन्याला टोकाच्या दोन क्लिपा हातानं हलवून बघतो आणि ३ नंबरच्या रबरावर आतून चीर पडलीय का ते टॉर्चनं बघतो, तिथं सायलेन्सरची धग जास्त लागते. एक पातळ पत्रा मध्ये आडवा लावायचा बाकी आहे, तो ह्या रविवारी बसवणार.